आधी सुई, मग राजमुद्रा

भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामा, ही बघ. उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत." पडद्यावर राजमुद्रा होती, अष्टकोनी, सावली-उजेडासकट. विक्रोळीच्या कन्नमवार नगरच्या मैदानात पहाटे साडेपाचला घाम गाळणाऱ्या पोरांपैकी तो एक. सीआयएसएफ, बीएसएफ, अग्निवीर, पोलीस, जिथे जागा निघेल तिथे त्याचा अर्ज जातो. चित्र किती दिवस शोधतोयस, असं विचारलं तर म्हणाला, चार महिने. आणि दुकान? "स्टेशनजवळ आहे एक. पक्याने तिथेच केलाय." म्हणजे चित्राला चार महिने आणि दुकानाला दोन मिनिटं. टॅटू काढणारे बहुतेक जण याच हिशेबाने चालतात. माझ्या मते हिशेब नेमका उलटा हवा.

टॅटू म्हणजे अंगावरचं चित्र, असं आपण समजतो. खरं तर ती एक जखम असते. ती भरून येते, पण तिच्यात अडकलेला रंग शरीराला बाहेर टाकता येत नाही. कातडीचे ढोबळ दोन थर धरले तर वरचा थर पातळ. तो सतत झडतो आणि साधारण महिन्याभरात नवा येतो. मेंदी या वरच्या थरातच रंगते, म्हणून लग्नाची मेंदी पंधरवड्यात फिकी पडते. टॅटूची सुई त्याच्या खाली, अंतस्त्वचेत जाते. खोली दीड-दोन मिलिमीटर, पण मिनिटाला शेकडो ते हजारो टोचे. सुई वरच राहिली तर रंग खपलीबरोबर निघून जातो. जास्त खोल गेली तर तो चरबीत पसरतो आणि रेघेभोवती निळसर धुरकट कडा दिसते. त्याला स्टुडिओत 'ब्लो-आउट' म्हणतात. बरा हात आणि कच्चा हात यांत फरक असतो तो याच मिलिमीटरभराचा.

आत गेलेल्या रंगाला शरीर परकं समजतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि पोटात रंग घेऊन तिथेच बसतात. या पेशी आयुष्यभर जगत असाव्यात, म्हणून टॅटू टिकतो, असा पूर्वी समज होता. २०१८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून पाहिलं तेव्हा वेगळंच निघालं. पेशी मरतात, रंग मोकळा होतो, आणि शेजारी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते. खांदेकरी बदलतात, पालखी जागेवरच राहते.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. ती साताऱ्याकडची. हाउसिंग बोर्डाच्या या वसाहतीत पहिल्या काही वर्षांतच राहायला आली. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, डाव्या हातावर तुळशीवृंदावन आणि मनगटाजवळ विंचू. "सोनं काढून घेतात, लुगडं जळतं, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं ती म्हणायची. गोंदण कोणाबरोबर कुठे जातं ते मला ठाऊक नाही, पण ज्या पेशींनी ते पहिल्यांदा धरलं त्यांच्यापेक्षा ते जास्त जगतं, एवढं मात्र प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आजीचं गोंदण काळं नव्हतं, हिरवट निळं होतं. रंग मात्र काळाच वापरलेला, दिव्याची काजळी. गावात गोंदणारी बाई यायची, काजळी पाल्याच्या रसात किंवा बाळंतिणीच्या दुधात कालवायची आणि दोन-तीन सुया एकत्र बांधून टोचायची. पोरीने हात ओढू नये म्हणून वर गाणंही म्हणायची. काजळीचा काळेपणा कातडीच्या थरातून बाहेर येताना प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला निळसर दिसतो. वर्षांगणिक कण थोडे सरकतात, म्हणून विंचवाच्या नांग्या पुसट झाल्या होत्या. लहानपणी मला तो खेकडाच वाटायचा. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्याही काजळीच्याच. कोळशाचा कण म्हणजे कार्बन. शरीरात तो विरघळत नाही, बदलत नाही. म्हणून तो सगळ्यात टिकाऊ. पुसायची वेळ आली तर सगळ्यात सोपाही तोच, पण त्याबद्दल पुढे.

तोवर सुया हातानेच चालायच्या, त्यांना यंत्र मिळालं ते १८९१ मध्ये. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एडिसनची लेखणी कागदाला भोकं पाडायची, म्हणजे कचेरीतल्या प्रती काढण्याचं साधन. ते कागदावरून कातडीवर आलं आणि पुढे आपल्या जत्रांतही पोचलं. पाळणे आणि बर्फाच्या गोळ्यांच्या मधोमध, सतरंजीवर बॅटरीचं यंत्र घेऊन बसलेला माणूस कोणी पाहिला नसेल? पाटीवर त्रिशूळ, गुलाब, बाण घुसलेलं हृदय. सुई एक, शाईची डबी एक, गिऱ्हाइकं दिवसभराची. सुई पुसायला एक फडकं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅटूतला खरा धोका चित्र फसण्याचा नसून रक्ताचा आहे. हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू रक्तातून जातात. त्यातला हेपेटायटिस बी फार चिवट. वाळलेल्या रक्ताच्या डागात, शरीराबाहेर, तो निदान सात दिवस तग धरू शकतो. डेटॉलने पुसलेली किंवा गरम पाण्यात बुडवलेली सुई डोळ्याला स्वच्छ दिसते, निर्जंतुक होत नाही. या विषाणूवर लस आहे: तीन डोस, पहिला, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी. टॅटू काढायचा विचार करणाऱ्या प्रौढाने ती आधीच घ्यावी, हा माझा पहिला सल्ला. हेपेटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही, तिथे भरवसा फक्त सुईवर.

म्हणून दुकानात गेल्यावर भिंतीवरचे फोटो नंतर बघा, आधी टेबल बघा. सुई किंवा कार्ट्रिज बंद पाकिटात आहे का, पाकिटावर मुदत लिहिलेली आहे का, ते तुमच्यासमोर फोडतात का. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतली जायला हवी, आणि काम झालं की टोपणातली उरलेली शाई फेकून द्यायला हवी. ती बाटलीत परत ओतताना दिसली तर उठून यावं, आगाऊ दिलेले पैसे गेले तरी चालतील. हातमोजे घातलेत, एवढ्याने खूश होऊ नका. त्याच हातमोज्याने फोन उचलला, खुर्ची सरकवली, चहाचा कप धरला की मोज्याचा उपयोग संपला. यंत्राची मूठ धातूची आणि पुन्हा पुन्हा वापरायची असेल तर ऑटोक्लेव्ह विचारा. पंधरा पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ आणि पंधरा-वीस मिनिटं, ही त्याची साधी गोष्ट. काही ठिकाणी निळ्या दिव्याची पेटी दाखवून "मशीन आहे ना" म्हणतात. ती पेटी फार तर निर्जंतुक वस्तू ठेवायला ठीक. तिने ऑटोक्लेव्हचं काम होत नाही.

पाण्याचीही एक गोष्ट सांगतो. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं. कारण एक जिवाणू, क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद, जो पाण्यात राहतो. तपासात बोट गेलं ते कारखान्यात आधीच पातळ करून भरलेल्या राखाडी शाईवर. दुकानदाराची स्वच्छता तिथे कामालाच आली नसती. शाई पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं, आणि डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. आपल्याकडे तर कधी कधी बिसलेरीच्या बाटलीतलं पाणीच टोपणात पडतं.

शाई हा वेगळाच प्रांत आहे. काळी बहुधा कार्बनची, पांढरी टायटॅनियम डायऑक्साइडची. लाल-पिवळ्या रंगांत बऱ्याचदा ॲझो गटातली रंगद्रव्यं असतात, त्यातली काही मुळात कारखान्यातल्या रंगकामासाठी बनलेली. ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाची आढळते, आणि ती लगेच येईलच असं नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनीही लाल भाग तेवढा फुगून खाजू लागतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या सुमारे चार हजार रसायनांवर निर्बंध आणले आणि वर्षभराने एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्यही त्यात ओढलं. त्या वेळी तिकडच्या कलाकारांनी बराच आरडाओरडा केला होता. आपल्याकडे बाटली कुठून आली, तिच्यावर घटक आणि बॅच क्रमांक छापलाय का, हे गिऱ्हाइकानेच विचारायचं असतं. आणि हा रंग सगळाच्या सगळा चित्रात राहतो असंही नाही. २०१७ मध्ये जर्मन आणि फ्रेंच संशोधकांनी टॅटू असलेल्या मृतांच्या लसिका ग्रंथी ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर तपासल्या, तेव्हा त्यात रंगद्रव्यांचे अतिसूक्ष्म कण सापडले. त्याने अमुक आजार होतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण उद्या काखेतल्या गाठीची तपासणी करायची वेळ आली तर डॉक्टरांना टॅटूबद्दल सांगायला विसरू नका. रंगाने काळवंडलेली गाठ पाहून चकवा बसू शकतो.

भाच्याला यातलं बरंचसं पटलं, पण त्याचा चेहरा उतरला तो पुढच्या मुद्द्यावर. केंद्रीय सशस्त्र दलांच्या, म्हणजे सीआयएसएफ, बीएसएफ, सीआरपीएफ वगैरेंच्या भरतीच्या जाहिरातीत गोंदणावर स्वतंत्र परिच्छेद असतो. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. जागा मात्र ठरलेली: हाताच्या पुढच्या भागाची आतली बाजू, तीही फक्त डाव्या हाताची, किंवा पंजाची मागची बाजू. डावाच का? उजवा हात सलामीचा. आणि आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. त्याची राजमुद्रा उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. दोन्ही नियम एका फटक्यात मोडले असते. लष्कराचा नियम थोडा वेगळा आहे. तिथे कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू चालते, बाकी अंगावर कुठेही कायमचा टॅटू असेल तर उमेदवार बाद. परंपरेने गोंदण करणाऱ्या आदिवासी समाजांतल्या उमेदवारांसाठी सवलतीची तरतूद आहे. जाहिरातीची भाषा वर्षागणिक बदलू शकते, म्हणून ज्या भरतीला बसायचं तिचीच जाहिरात वाचावी. पक्या काय म्हणतो त्यावर जाऊ नये.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. सोलापूरकडच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हाच्या गोंदणामुळे सीआयएसएफने नाकारलं होतं. त्याने ते बरंचसं पुसून घेतलं आणि न्यायालयात धाव घेतली. निकाल त्याच्या बाजूने लागला. पण सुईच्या अर्ध्या तासासाठी वकील, तारखा आणि सोलापूर-मुंबई फेऱ्या, एवढा व्याप कोणाला हवाय?

गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. दरवर्षी दोन-चार तगडी पोरं फॉर्म भरताना मागे फिरतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या निकषांनुसार टॅटू काढल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. कारण तेच, विषाणू शिरला असेल तर सुरुवातीचा काही काळ तपासणीत तो दिसत नाही. वर्षभराने खुशाल द्या. टॅटूवाल्याला जन्मात रक्त देता येत नाही, ही चाळीत ऐकू येणारी गोष्ट खोटी आहे. पण टेबलावर बसून टॅटू लपवणारी पोरंही मी पाहिली आहेत, आणि ते फार वाईट.

कोणी अजिबात काढू नये किंवा निदान त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढू नये? जुन्या जखमेचे वण ज्यांचे फुगतात, म्हणजे केलॉइडची सवय असलेले. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग या जागा त्यासाठी विशेष बदनाम. सोरायसिस असलेले, कारण टोचलेल्या रेघेवरच सोरायसिस उठू शकतो. साखर ताब्यात नसलेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, गरोदर बायका. तीळ किंवा मस झाकायला तर टॅटू कधीच काढू नये, कारण त्यात होणारे बदल मग दिसतच नाहीत. बधिर करणारं मलम स्वतःहून थापून जाणं हाही नवा उद्योग झालाय. लिडोकेनचं प्रमाण जास्त असलेली अशी मलमं मोठ्या भागावर लावली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

आता चित्राकडे वळायला हरकत नाही. राजमुद्रा म्हणजे चित्र नव्हे, मजकूर आहे, आणि तोही संस्कृत. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतीत एखादी वेलांटी किंवा रफार गेला असेल तर कारागीर तसंच टोचणार. त्याला वाचायचं नसतं, गिरवायचं असतं. मोडी लिपीतलं 'आई' हल्ली फार चालतं. मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय ते अंगावर घेऊ नका. संगणकावरचे काही फॉन्ट मोडीच्या वळणाशी वाट्टेल तसे खेळतात. देवनागरीतही बारीक अक्षरांचा धोका आहे. टाइपातली सुबक गाठ, अनुस्वाराचा ठिपका, 'ध' आणि 'घ' यांतला फरक, हे सगळं दहा वर्षांत रेघ जाड झाली की एकमेकांत मिसळतं. आजीचा विंचू खेकडा झाला तसाच एखाद्याचा 'धनश्री' 'घनश्री' होऊ शकतो. त्यामुळे अक्षर मोठं, मोकळं आणि कमी. महाराजांचा चेहरा किंवा बाबासाहेबांची सही काढणारेही पुष्कळ. चेहऱ्याचं काम प्रत्येकाला जमत नाही. त्या कारागिराने काढलेला, किमान वर्ष उलटलेला चेहरा प्रत्यक्ष पाहायला मागा. ताज्या कामाचा फोटो म्हणजे मांडवातला नवरा, त्यावरून संसाराचा अंदाज येत नाही.

आणि जागा. देवाचं चित्र पायावर काढू नये, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. नडगीवर देवीचं चित्र गोंदलेल्या एका ऑस्ट्रेलियन पर्यटकाला २०१५ मध्ये बंगळुरूत जमावाने घेरलं होतं, ते त्याला नडलं. त्या जमावाचं मी समर्थन करत नाही.

टॅटू झाल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे आपल्या हातात असतात. पहिल्या दिवसांत पाझर येतो, मग कोरडेपणा, मग बारीक खपल्या. सौम्य साबणाने धुणं, टिपून कोरडं करणं, पातळ मलम आणि खाज सुटली तरी नख न लावणं, एवढंच काम आहे. पण सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये ताज्या टॅटूचा हात वर करून कडी धरलेल्या माणसाला विचारा, हे किती अवघड असतं. चार अनोळखी दंडांचा घाम त्याला लागलेला असतो. त्यात पावसाळा, भिजलेली बाही, वाळत न घातलेला टॉवेल. शक्यतो हिवाळा निवडावा. ऐन गणपतीआधी काढून विसर्जनाला पाण्यात उतरणं तर शुद्ध वेडेपणा. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिगत छापून आली. टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याला यकृताचा जुना आजार होता. समुद्राच्या पाण्यातला जिवाणू जखमेतून आत गेला आणि दोन महिन्यांनी तो दगावला. लालसरपणा पसरत चालला, ताप आला, पू दिसला तर टॅटूवाल्याला फोटो पाठवून उपयोग नाही. डॉक्टर गाठावा.

"नाही आवडला तर लेझरने काढून टाकता येतो ना?" हा प्रश्न भाच्याने विचारलाच. येतो, पण पाटीवरची पेन्सिल पुसावी तसा नाही. लेझरचा झटका सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतका, कधी त्याहूनही छोटा असतो. तेवढ्यात रंगाचा कण फुटतो, आणि फुटलेला बारीक चुरा त्याच मॅक्रोफेज पेशी थोडा थोडा वाहून नेतात. म्हणून दोन बैठकांत सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि बैठका सहा, आठ, दहा, कधी त्याहूनही जास्त. काळा रंग सगळ्या लहरी शोषतो, तो निघतो. पिवळा, हिरवा, आकाशी त्रास देतात. पांढरा आणि कातडीच्या रंगाचा तर उलटा काळा पडू शकतो. भुवया आणि ओठ रंगवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर, लेझरची ऊर्जा तेही शोषतं. हात कच्चा असेल तर टॅटू जातो आणि त्याच आकाराचा पांढरा किंवा काळा डाग मागे राहतो. खर्च गोंदून घेण्याच्या कितीतरी पट. हे काम ब्यूटी पार्लरचं नाही, त्वचारोगतज्ज्ञांचं आहे.

स्टेशनजवळच्या त्या दुकानात मग आम्ही दोघे गेलो. पोरगा कामाचा होता, चित्रं झकास. सुई बंद पाकिटातली निघाली, शाईची बाटली मात्र कागद गेलेली. ऑटोक्लेव्हचं विचारलं तर हसून म्हणाला, "काका, टॅटू काढायचाय की ऑपरेशन करायचंय?" तिथून निघताना भाचा काही बोलला नाही. वाटेत टागोर नगरच्या नाक्यावर चहा घेताना त्याने डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर बोटाने एक चौकोन आखला, काडेपेटीएवढा, आणि त्यात राजमुद्रेची अक्षरं मावणार नाहीत हे त्याचं त्यालाच कळलं.

हेपेटायटिस बीचा पहिला डोस त्याने गेल्या आठवड्यात घेतला. वैद्यकीय चाचणी कधी लागेल कोणास ठाऊक. राजमुद्रा सध्या मोबाईलच्या पडद्यावर आहे.